गुलाबाच्या पाकळीखाली हिंगूळ

ओटमार एलिगर हा स्वीडनचा. १६३३ साली गोथेनबर्गला जन्मला, तेव्हा ते शहर स्वतःच जेमतेम बारा वर्षांचं होतं. फुलं रंगवायला तो शिकला अँटवर्पमध्ये, डॅनिएल सेगर्स या जेझुइट चित्रकाराच्या हाताखाली. मग अॅमस्टरडॅम, हॅम्बुर्ग असे मुक्काम झाले आणि १६७० मध्ये बर्लिनला ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरच्या पदरी तो दरबारी चित्रकार म्हणून रुजू झाला. १६७९ मध्ये तिथेच वारला. त्याचं आयुष्य एवढ्यात सांगून होतं. त्याच्या चित्रांच्या जातीचं पुष्पचित्र कसं घडतं, हे मात्र सावकाश समजून घेण्यासारखं आहे.

मागे काळोख, खाली दगडी कठडा, त्यावर फुलांचा गुच्छ आणि एखाददुसरा किडा किंवा फुलपाखरू. अशा गुच्छात ट्यूलिप आणि गुलाब शेजारी शेजारी दिसतात. उत्तर युरोपात ट्यूलिप वसंतात फुलतो आणि बरेचसे गुलाब उन्हाळा लागल्यावर. त्यामुळे चित्रकार ज्या त्या फुलाचा त्याच्या त्याच्या हंगामात अभ्यास करून ठेवत आणि गुच्छ कॅनव्हासवर बांधत. ट्यूलिपवरचे लाल-पांढरे पट्टे मावा किडीने पसरवलेल्या विषाणूमुळे येत. त्या काळी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कंद आजारी असे आणि त्यालाच सोन्याचा भाव येई.

रंग जवसाच्या तेलात खललेले असत. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन शोषून हळूहळू घट्ट होतं. म्हणून एक थर दिला की थांबायचं, तो वाळला की पुढचा. लाल गुलाब घ्या. आधी हिंगूळ आणि सफेदा मिसळून पाकळीचे उंचसखल भाग, उजेड आणि सावली घडवून घ्यायची. त्या अवस्थेत फूल भडक आणि मातीच्या खेळण्यासारखं जड दिसतं. ते वाळल्यावर वरून पारदर्शक लाल रंगाचा पातळ हात फिरवायचा. आता प्रकाश वरच्या थरातून आत शिरतो, खालच्या सफेद्यावर आपटतो आणि पुन्हा त्याच लालीतून गाळून आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. पाकळी आतून उजळल्यासारखी वाटते ती यामुळे. मला तर सगळ्या चित्रकलेतली ही सर्वांत सुंदर युक्ती वाटते.

हा पारदर्शक लाल रंग किड्यांपासून किंवा मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून काढून तुरटीच्या साहाय्याने बसवत. युरोपात अशा रंगांना ‘लेक’ म्हणतात, आणि तो शब्द आपल्या लाखेवरूनच तिकडे गेला. ज्या लाखेचा आळता इथे पावलांना लागला, तिचंच हे नाव.

पिवळ्या फुलांसाठी त्या काळचे पुष्पचित्रकार पुष्कळदा हरताळ वापरत. पोथीत चुकलेलं अक्षर ज्याने झाकायचं तोच हा हरताळ. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार त्यातूनच आला. हा रंग विषारी, वाळायला हट्टी, आणि उजेडात वर्षानुवर्षं राहिला की फिका पडणारा. म्हणून जुन्या चित्रांतला एखादा पिवळा गुलाब आज सपाट, खडूसारखा दिसतो. पानांचंही तसंच. हिरवा रंग बहुधा निळ्यात वनस्पतीजन्य पिवळा मिसळून किंवा निळ्यावर त्याचा पातळ थर देऊन साधत. शतकांच्या उजेडाने पिवळा विटला, निळा टिकला. संग्रहालयात निळसर पानं दिसली तर चित्रकाराची नजर चुकली असं समजू नका.

शेवटी पानावरचा दवबिंदू. प्रकाश डावीकडून येत असेल तर थेंबाची डावी बाजू आत गडद ठेवायची, उजवी कड उजळ, आणि तिच्याबाहेर पानावर बारीकशी सावली. थेंब भिंगासारखा प्रकाश पलीकडच्या कडेला गोळा करतो, म्हणून हा उलटा हिशेब. मग त्या गडद भागावर, डावीकडे, घट्ट सफेद्याचा एकच ठिपका टेकवायचा.