वेगाआधी ब्रेक ऑइल

पाम बीच मार्गासारखा सरळ, रुंद रस्ता दाराशी असल्यावर तरुणांना वेगाची ओढ लागणारच. नेरूळच्या आमच्या सोसायटीतल्या एका चिरंजीवांनी जुनी फियाट पालिओ घेतली आहे. 2001 साली भारतात आलेली, 1.6 लिटरची, 100 अश्वशक्तीची! रविवारी पाने-पक्कड घेऊन ते गाडीखाली असतात. आता सायलेन्सर दणदणीत आवाजाचा बसवायचा बेत आहे.

मी विचारलं, "ब्रेक ऑइल कधी बदललंस?" चिरंजीव गप्प. बँकेत असताना मी आधी तारण पाहायचो, ती खोड अजून गेलेली नाही.

हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि खाडीकाठच्या आमच्या हवेत ओलाव्याला काय तोटा? ‘डॉट 4’ प्रतीचं ताजं ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं, की ही मर्यादा 155च्या आसपास उतरू शकते. वेगात पुन्हापुन्हा ब्रेक दाबले, की ऑइल उकळून वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल भसकन खाली जातं. गाडी मात्र धावतच राहते.

दर दोन वर्षांनी ते बदलावं. काम दोघांचं. मी पेडल दाबलं, त्यानं चाकामागचा निप्पल सैल केला. पेडल सोडण्याआधी तो पुन्हा घट्ट. वरची डबी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा शिरते. निघालेलं ऑइल कोऱ्या चहासारखं!

सायलेन्सरच्या आड मात्र मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आलं. कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019मध्ये बजावलं आहे. चिरंजीव हिरमुसले.

"काका, टायर तरी नवे टाकू ना?"

"टाक की. पण त्याच मापाचे."