रात्री आठची पातेली

२ फेब्रुवारी २०२१. रात्रीचे आठ वाजले आणि यांगून शहरात गॅलरी-गॅलरीतून भांडी वाजू लागली. कुणी पातेल्यावर चमचा मारत होतं, कुणी तव्यावर झारा, कुणी नुसताच पत्र्याचा डबा बडवत होतं. रस्त्यावरच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून साथ दिली. घरात शिरलेली इडापिडा भांडी बडवून हाकलायची, हा म्यानमारमधला जुना रिवाज. त्या रात्री पिडा कोणती, हे कुणाला सांगावं लागलं नाही. आदल्या दिवशी पहाटे लष्कराने सत्ता बळकावली होती.

नोव्हेंबर २०२०च्या निवडणुकीत आंग सान सू की यांच्या पक्षाने संसदेच्या ४७६ निर्वाचित जागांपैकी ३९६ जिंकल्या होत्या. खरं तर लष्कराची सोय राज्यघटनेनेच करून ठेवली आहे. संसदेतल्या एक चतुर्थांश जागा निवडणुकीशिवाय त्याच्याच. तरीही निकाल सोसला नाही. नवी संसद ज्या दिवशी बसणार, त्याच दिवशी सू की आणि राष्ट्राध्यक्ष विन म्यिंट यांना ताब्यात घेतलं गेलं आणि सरसेनापती मिन आंग लाइंग सत्ताधीश झाले. सू कींवर लावलेला पहिला आरोप होता परवाना न घेता वॉकीटॉकी आणल्याचा!

स्वयंपाकघरातली भांडी रस्त्यावरच्या राजकारणात उतरतात तेव्हा काय होतं, हे मुंबईला ठाऊक आहे. १९७२ मध्ये महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत हजारो बायका थाळ्या-लाटणी घेऊन निघाल्या होत्या. पण त्यांच्यासमोर निवडून आलेलं सरकार होतं. समोर बंदूक रोखलेला जवान असताना पातेलं वाजवायचं, ते कशाच्या भरवशावर?

याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं. म्यानमारमध्ये १९६२ साली जनरल ने विन यांनी सत्ता घेतली आणि तेव्हापासून देशाच्या मानेवर लष्कराचा पाय कधी पुरता उचलला गेलाच नाही. १९८७ मध्ये या गृहस्थांनी २५, ३५ आणि ७५ क्यातच्या नोटा एका झटक्यात रद्द केल्या आणि ४५ व ९० क्यातच्या नव्या नोटा काढल्या. नऊ हा त्यांचा शुभ आकडा. लोकांची आयुष्यभराची शिल्लक रद्दी झाली. पुढच्या वर्षी, ८ ऑगस्ट १९८८ला, विद्यार्थ्यांच्या हाकेला देश रस्त्यावर आला. तो उठाव लष्कराने रक्तात बुडवला. १९९० मध्ये निवडणूक घेतली, सू कींचा पक्ष प्रचंड बहुमताने जिंकला, आणि लष्कराने सत्ता दिलीच नाही. सू की तेव्हा नजरकैदेत होत्या. २०१०पर्यंतच्या एकवीस वर्षांतली सुमारे पंधरा वर्षं त्यांनी तशीच काढली.

यातून लोक जे शिकले ते २००७ मध्ये दिसलं, आणि ते शिकवलं भिक्खूंनी.

त्या वर्षी १५ ऑगस्टला सरकारने न सांगता-सवरता इंधनाचे दर वाढवले. डिझेल दुप्पट झालं, वाहनांचा गॅस पाचपट. बसचं भाडं परवडेना म्हणून कामगार पायी कामावर जाऊ लागले. ५ सप्टेंबरला पकोक्कू गावात शांतपणे चाललेल्या भिक्खूंना जवानांनी मारहाण केली. भिक्खूंनी माफीसाठी मुदत दिली. माफी आली नाही. मग त्यांनी विनयपिटकातलं, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथातलं, एक जुनं शस्त्र काढलं. पालीत त्याला ‘पत्तनिक्कुज्जन कम्म’ म्हणतात. अर्थ साधा आहे, पात्र पालथं घालणं.

बौद्ध गावात सकाळ कशी उजाडते ते आठवलं, की याचा घाव कुठे बसतो ते कळतं. पहाटे भिक्खूंची रांग अनवाणी पायांनी निघते. दाराशी गृहिणी ताज्या भाताचं भांडं घेऊन उभी असते. पात्रात भात पडतो. भिक्खू आभार मानत नाही, कारण उपकार त्यानेच केलेले असतात. त्याने दान घेतलं म्हणून देणाऱ्याला पुण्य लाभलं. पात्र पालथं झालं की पुण्याची ही वाट बंद. सेनाधिकारी आणि त्यांच्या कुटुंबांकडून यापुढे काही घेणार नाही, असं भिक्खूंनी जाहीर केलं. पॅगोडे बांधून, विहारांना देणग्या देऊन आपली सत्ता धर्माला धरून आहे असं दाखवणाऱ्या सेनापतींना हा नकार गोळीसारखा लागला असणार. हातात पालथी पात्रं, मुखात मैत्रीभावनेचं मेत्तसुत्त, अशा मिरवणुका निघाल्या. २२ सप्टेंबरला एक मिरवणूक सू कींच्या घराच्या फाटकापर्यंत पोचली आणि बऱ्याच वर्षांनी त्या लोकांना दिसल्या. चारच दिवसांत दडपशाही सुरू झाली. रात्री विहारांवर छापे पडले, भिक्खूंना पकडून नेलं. उठाव मोडला, पण राज्यकर्त्याला आपण जे देतो ते देणं थांबवता येतं, ही गोष्ट घराघरात पोचली.

जीन शार्प हा अमेरिकी अभ्यासक हेच सांगत आला होता. गांधीजींच्या सत्याग्रहाचा त्याने वर्षानुवर्षं अभ्यास केला. हुकूमशाहीकडून लोकशाहीकडे कसं जावं यावरची त्याची प्रसिद्ध पुस्तिका १९९३ मध्ये बँकॉकमध्ये छापली गेली, तीही म्यानमारमधल्या निर्वासितांसाठीच. तिचा गाभा असा, की हुकूमशहा एकटा काहीच करू शकत नाही. फाइल पुढे सरकवणारा कारकून लागतो, गाडी हाकणारा ड्रायव्हर लागतो, कर भरणारा नागरिक लागतो.

२०२१ मध्ये सगळ्यात आधी हात आखडले ते सरकारी डॉक्टरांनी. ३ फेब्रुवारीला त्यांनी छातीला लाल फीत लावून लष्करी सरकारच्या हाताखाली काम करायला नकार दिला. मागोमाग शिक्षक, बँक कर्मचारी, रेल्वे कामगार आले. गाड्या यार्डात उभ्या राहिल्या, एटीएमसमोर रांगा लागल्या. १० मार्चला यांगूनमधल्या संपकरी रेल्वे कामगारांच्या वसाहतीला जवानांनी वेढा घातला. पगार गेला, राहतं घर गेलं, तरी माणसं कामावर परतेनात. मे महिन्यापर्यंत निलंबित शिक्षकांची संख्या सव्वा लाखावर गेल्याचं शिक्षक संघटनेने सांगितलं. लोकांनी लष्कराच्या कंपन्यांचा माल टाकला, ‘म्यानमार बिअर’ प्यायचं सोडलं, विजेची बिलं भरणं थांबवलं. या बिअरच्या जपानी भागीदाराने, किरीन कंपनीने, सत्तांतरानंतर चारच दिवसांत फारकत जाहीर केली.

इथे मराठी माणसाला थांबायला लावणारी एक गोष्ट आहे. लष्कराने विरोधकांना अडकवण्यासाठी दंडसंहितेतली कलमं कडक केली, त्यात १२४-अ हे राजद्रोहाचं कलमही होतं. म्यानमारची दंडसंहिता इंग्रजांनी दिलेली, १८६०च्या भारतीय दंडसंहितेचीच नक्कल. १९०८ मध्ये याच कलमाखाली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेच्या तुरुंगात पाठवलं गेलं. ‘गीतारहस्य’ तिथेच लिहिलं गेलं. एकशे तेरा वर्षांनी त्याच मंडालेच्या रस्त्यावरच्या तरुणांसाठी तेच कलम पुन्हा धार लावून तयार होतं.

पातेल्यांना दुसरंही काम लागलं. लष्कराने तेवीस हजारांवर कैदी सोडले, वॉरंटशिवाय घरात शिरायची मुभा घेतली. मग गल्ल्यांनी रात्रीचे पहारे बसवले. अटकेसाठी गाडी वळताना दिसली की पहिलं पातेलं वाजायचं, आणि मिनिटभरात सगळी गल्ली बाहेर.

बायकांनी आणखी एक युक्ती काढली. स्त्रीच्या कमरेच्या वस्त्राखालून गेलं की पुरुषाचं तेज उतरतं, असा तिथला जुना समज. मग रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या बांधल्या आणि त्यावर बायकांच्या लुंग्या वाळत घातल्या. शस्त्रसज्ज जवान ट्रक थांबवून वर चढत, आधी लुंग्या काढत, मगच पुढे जात. तेवढ्या वेळात निदर्शकांना पांगायला सवड मिळे. पिढ्यान्‌पिढ्या बायकांना कमी लेखणारा समजच त्यांनी ढालीसारखा वापरला.

लष्कराने मात्र माणसं मारायला सुरुवात केली होती. ९ फेब्रुवारीला नेपिडॉमध्ये एका तरुणीच्या डोक्याला गोळी लागली. विसावं वर्ष पुरं व्हायला तिला दोन दिवस होते. दहा दिवसांनी ती गेली. २७ मार्चला, सशस्त्र सेना दिनी, राजधानीत संचलन चालू असताना देशभरात एका दिवसात शंभराहून अधिक माणसं मारली गेली. त्यानंतर अनेक तरुण सीमेवरच्या जंगलात जाऊन बंदूक चालवायला शिकले. एप्रिलमध्ये लष्करविरोधी समांतर सरकार उभं राहिलं, मे महिन्यात त्याने सशस्त्र दलाची घोषणा केली. यामुळे अहिंसा हरली, असं सुरक्षित खुर्चीत बसून म्हणायचा अधिकार कुणाला नाही. रुग्णालयात आणि वर्गात परत न जाणारी माणसं तेव्हाही हात आखडूनच होती.

या लढ्याने लोकांना आतूनही बदललं. २०१७ मध्ये लष्कराच्या अत्याचारांमुळे सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात पळाले, तेव्हा बहुसंख्य बामार समाज गप्प होता. सू की तर २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात देशाच्या बाजूने उभ्या राहिल्या. तो डाग पुसला जाणारा नाही. पण २०२१ मध्ये त्याच बंदुका स्वतःवर रोखल्या गेल्यावर कित्येक तरुणांनी रोहिंग्यांची जाहीर माफी मागितली. तुमच्यावर गुदरलं तेव्हा आम्ही विश्वास ठेवला नाही, असं त्यांनी उघड कबूल केलं.

१ फेब्रुवारी २०२२ला सत्तांतराला वर्ष झालं. मूक संपाची हाक आली: सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत कुणी घराबाहेर पडायचं नाही. दुकानं बंद ठेवाल तर दहशतवादाचा गुन्हा दाखल करू, मालमत्ता जप्त करू, अशी लष्कराने तंबी दिली. तरीही यांगून-मंडालेचे हमरस्ते दहा वाजता ओस पडले. कुठे मोर्चा नाही, घोषणा नाही, गोळी झाडायला समोर माणूस नाही. चार वाजले, आणि बंद घरांमधून टाळ्या ऐकू येऊ लागल्या.