नमुन्यांची वही आता पडद्यावर

वरळीच्या बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची. तिथे पुस्तकांचे कपाट ठेवायचे कुठे? गिरणी कामगाराच्या पोराला वाचनालयाचे टेबलच आधार होते. आता मोबाइलवर अख्खी लायब्ररी येते, मग ग्रंथपालाचे काम काय, असे बाजारात काहीजण विचारतात.

कापडाचाच दाखला घ्या. १८६६ साली लंडनच्या फोर्ब्स वॉटसनने हिंदुस्थानी कापडाचे ७०० नमुने १८ जिल्दांत बसवले. असे २० संच तयार झाले. १३ विलायतेत, ७ हिंदुस्थानात. मतलब साफ होता. तिकडच्या गिरण्यांनी आपले पागोटे, लुंगी, साडी पाहून तसाच माल इकडे विकावा! लांबी, रुंदी, वजन, कुठले कापड, सारे नोंदलेले आहे.

प्रेस्टनच्या हॅरिस म्युझियममधल्या संचाचे फोटो संगणकावर चढवले गेले आहेत. आपल्या विणकराला, छपाईवाल्याला हा खजिनाच. पण फोर्ब्स वॉटसन हे नावच ठाऊक नसेल तर तो शोधणार काय? 'साडी डिझाइन' लिहिले की दुकानांच्या जाहिराती निघतात. पूर्वी ग्रंथपाल कपाटातून पुस्तक काढून देई. आता कोणत्या नावाने शोधावे, कशावर भरवसा ठेवावा, हे त्याने सांगायचे. हे काम जास्त कठीण आहे, आणि पगार मात्र जुनाच.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तिथे एक वाचनाची खोली, दोन संगणक आणि जाणता ग्रंथपाल असावा. त्याच्या पगारात आपल्या कापडवाल्यांनीही हिस्सा उचलावा.