आज्ञावलीची शिदोरी

आमच्या वसतिगृहातील मुले आता स्वतः आज्ञावल्या लिहितात. शिष्यवृत्तीच्या अर्जांची नोंद ठेवणारी अशी एखादी आज्ञावली शाळेत उत्तम चालते आणि गावच्या वाचनालयातील संगणकावर उघडतसुद्धा नाही, तेव्हा मुले हिरमुसतात. कारण बहुधा तिच्या पहिल्या दोन-चार ओळींत असते.

त्या ओळींत 'इम्पोर्ट' हा शब्द असतो. कोणतीही आज्ञावली सर्व कामे एकटी करीत नाही. गणित, तारीख, चित्रे यांसाठी ती इतरांनी लिहिलेली मोड्यूल मागविते. प्रतीत्यसमुत्पाद ऐकलेल्या मुलांना हे चटकन उमगते. अर्थात ही तुलना आम्ही फार ताणीत नाही.

मागविण्याची रीत भाषेगणिक निराळी. 'सी' भाषेत 'इन्क्लूड' लिहिले की संकलनापूर्वीच त्या फाइलचा मजकूर जसाच्या तसा तेथे आणला जातो. पायथनमध्ये मात्र शोध सुरू होतो तो आज्ञावली चालू असताना. मोड्यूल आधीच आणलेले असेल तर तेच वापरले जाते. नसेल तर सामान्यतः प्रथम आज्ञावलीच्या फोल्डरमध्ये, मग पायथनच्या स्वतःच्या संग्रहात आणि शेवटी बाहेरून बसविलेल्या संचांत ते शोधले जाते. म्हणूनच एखाद्याने आपल्या फाइलला 'रँडम' नाव दिले की पायथनचे मूळ 'रँडम' झाकले जाते आणि धडधाकट आज्ञावली अडून बसते.

समोरच्या संगणकावर पायथनच नसेल तर 'पायइन्स्टॉलर'सारखे साधन शिदोरी बांधून देते. ते आज्ञावली वाचते, प्रत्येक इम्पोर्टचा माग काढते, त्या मोड्यूलांनी मागविलेली मोड्यूलही हुडकते आणि सारे पायथनसह एकत्र बांधते. पण मोड्यूलचे नाव आज्ञावली चालू असतानाच घडत असेल, समजा 'मराठी' की 'इंग्रजी' या निवडीवरून, तर ते नाव कोठेच लिहिलेले सापडत नाही आणि मोड्यूल शिदोरीबाहेर राहते. बांधताना तक्रार उमटत नाही. मराठी निवडणारे पालक मात्र गावात अडतात. अशा 'हिडन इम्पोर्ट'ची नावे साधनाला आपणच सांगावी लागतात.

जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या प्रमाणाने इम्पोर्ट-ओळीत नाव स्पष्ट लिहिण्याचे बंधन घातले. त्यामुळे बांधणी करणाऱ्या साधनांना न वापरलेले भाग गाळणेही सोपे झाले. मुलांना हे बंधन जाचक वाटते. आम्हांला ते हिताचे वाटते.

आमच्या संगणककक्षात यासाठी एक संगणक मुद्दाम पायथनविना ठेवला आहे. गावी न्यायची प्रत्येक आज्ञावली आधी त्यावर, सर्व पर्याय एकेक निवडून, चालवून पाहिली जाते.