द्राक्षांच्या शीतगृहातील पंखा-कॉइल संचाची नित्य निगा

नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे या जिल्ह्यांत द्राक्षांची काढणी मुख्यतः जानेवारी ते एप्रिल या काळात होते. घड वेलीवरून काढला तरी त्याचे श्वसन थांबत नाही, आणि उष्ण हवेत मण्यांतील व देठांतील पाणी झपाट्याने उडून जाते. प्रथम देठ वाळून तपकिरी पडतात. पुढे मणी सुरकुततात व गळू लागतात. याकरिता काढणीनंतर शक्य तितक्या लवकर फळाच्या गाभ्याचे तापमान 4 अंश सेल्सिअसच्या आत आणावे लागते. त्यानंतर माल 0 ते 1 अंश तापमानात व 90 ते 95 टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवावयाचा असतो. हे कार्य खोलीच्या छताजवळ टांगलेल्या पंखा-कॉइल संचावर अवलंबून असते. त्याची निगा न राखल्यास वर्षभराच्या श्रमाचे मोल दोन-तीन दिवसांत घटू शकते.

संच कसा चालतो

मातीच्या माठातील पाणी बाहेर झिरपून त्याची वाफ होते. त्या वाफेसाठी लागणारी उष्णता माठातील पाण्यातून घेतली जाते, म्हणून ते गार होते. कॉइलमध्येही असेच घडते. नळ्यांतून वाहणारा शीतक द्रव उकळून वायुरूप होतो व त्यास लागणारी उष्णता खोलीतील हवेतून शोषून घेतो. नळ्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या दाटीने बसविलेल्या असतात. पंखे त्या पट्ट्यांमधून हवा खेळवितात. यावरून, पट्ट्या स्वच्छ असणे व त्यांतून हवा मोकळी वाहणे या दोन गोष्टी मुख्य होत, हे ध्यानात येईल.

हिमाचा थर

अशा खोलीतील कॉइलचा पृष्ठभाग 0 अंशाखाली असल्याने हवेतील बाष्प तेथे गोठून पांढरे हिम साचते. पातळ थर स्वाभाविक आहे. परंतु तो जाड झाला म्हणजे गोधडीप्रमाणे उष्णतेस अडवितो व हवेची वाटही बुजवितो. मग कॉम्प्रेसर अधिक वेळ चालतो, वीज अधिक जळते आणि तरीही खोली थंड होत नाही. याहून मोठी हानी मालाची होते. हिमाने किंवा धुळीने माखलेली कॉइल नेहमीपेक्षा अधिक थंड होऊ लागते. कॉइल व खोली यांच्या तापमानांत जितके अंतर जास्त, तितके अधिक बाष्प हवेतून काढून घेतले जाते. कोरडी झालेली हवा ते पाणी पुन्हा द्राक्षांतूनच ओढते.

0 ते 1 अंशाच्या खोलीत केवळ पंखे चालू ठेवून हिम वितळत नाही. त्यासाठी विजेचा हीटर, उष्ण गॅस किंवा पाणी यांपैकी जी सोय संचात असेल ती वापरावी. हीटरने हिम वितळविताना पंखे बंद असावेत, नाही तर उष्णता मालावर जाते. माल नव्याने भरताना व दार वारंवार उघडले जात असताना हिम लवकर साचते. तेव्हा वितळविण्याच्या पाळ्या वाढवाव्यात. हिम पूर्ण वितळल्याची खात्री करावी. अर्धवट वितळलेल्या हिमाचा टणक बर्फ बनतो. तो खुरप्याने किंवा पेचकसाने कधीही फोडू नये. नळीस भोक पडल्यास गॅस निघून जातो.

नित्य तपासणी

दररोज : तापमान सकाळ-संध्याकाळ नोंदवहीत लिहावे. कॉइलवरील हिम, पंख्यांचा आवाज व खालच्या तबकातून पाण्याचा निचरा पाहावा. निचऱ्याची नळी तुंबल्यास पाणी पेट्यांवर ठिबकते व द्राक्षांस बुरशी लागते.

आठवड्यास : तबक धुवावे. पेट्या भिंतींस चिकटलेल्या अथवा पंख्यासमोर रचलेल्या नाहीत, हे पाहावे. दाराची रबरी पट्टी फाटली असल्यास बदलावी.

हंगामापूर्वी व हंगामानंतर : मुख्य स्विच बंद करून व तो कोणी चालू करणार नाही अशी व्यवस्था करून कॉइल मऊ ब्रशने व कमी दाबाच्या पाण्याने धुवावी. तारेचा ब्रश किंवा आम्ल वापरू नये. वाकलेल्या पट्ट्या त्यासाठी मिळणाऱ्या फणीने सरळ कराव्यात. द्राक्षांच्या पेट्यांत ठेवावयाच्या कागदातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो. ओलाव्याशी संयोग होऊन त्याचे आम्ल बनते व धातू गंजतो. म्हणून हंगाम संपताच केलेली धुलाई विशेष महत्त्वाची आहे.

पंख्याची दिशा

तीन फेजच्या मोटारीच्या दोन तारांची अदलाबदल झाल्यास पंखा उलटा फिरतो. तो फिरताना दिसतो, पण हवा योग्य दिशेस जात नाही. वीजवाहिनीची किंवा मोटारीची दुरुस्ती झाल्यावर पंख्याची दिशा बाणाच्या खुणेशी जुळवून पाहावी.

तंत्रज्ञाची कामे

गॅस भरणे, नळ्या जोडणे व विजेची जोडणी बदलणे ही कामे जाणत्या तंत्रज्ञाकडूनच करवून घ्यावीत. अमोनियावर चालणाऱ्या शीतगृहात उग्र वास येताच सर्वांनी वाऱ्याच्या उलट दिशेने बाहेर पडावे व प्रशिक्षित माणसाखेरीज कोणीही आत जाऊ नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील शीतगृहांत ही नोंदवही ठेवविण्याचा आग्रह धरावा. तापमान रोज थोडेथोडे चढत असल्याचे वहीत दिसले, तर माल बिघडण्यापूर्वीच दोष शोधता येतो.