रेसचे इंजिन आणि बिगएंड बेअरिंग : डबीवरचे नाव नव्हे, माप पाहा

आपल्या समाजातील बरीच तरुण मंडळी गॅरेज, लेथ, क्रँक ग्राइंडिंग आणि स्पेअर पार्ट्सच्या धंद्यात आहेत. मोटार शर्यतींचा शौक आपल्या देशातही रुजला आहे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० पासून आणि कोइमतूरजवळ २००३ पासून शर्यतींचे कायमचे ट्रॅक आहेत. उद्या रेसचे इंजिन बांधून मागणारे गिऱ्हाईक आपल्याही दारात उभे राहू शकते. त्या वेळी पिस्टन आणि कार्ब्युरेटरची चर्चा तासन्‌तास होते, पण कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग, म्हणजे आपले बिगएंड, ‘चांगल्या कंपनीचे टाका’ एवढ्यावरच संपते. इथेच नुकसानीला सुरुवात होते.

बेअरिंग करते काय?

चालत्या इंजिनात क्रँक बेअरिंगच्या धातूवर टेकत नाही. दोघांच्या मधल्या फटीत तेलाचा पातळ पडदा असतो आणि सगळा भार तो पडदा उचलतो. फट कमी पडली तर तेल पुरत नाही व तापते. फट जास्त झाली तर तेल बाजूने निसटते आणि प्रेशर पडते. दोन्ही बाबतींत शेवट एकच. धातूला धातू लागतो, शेल रॉडमध्ये फिरतो, रॉड तुटतो आणि ब्लॉक फोडून बाहेर येतो. सांडलेले तेल तापलेल्या सायलेन्सरवर पडले तर आग लागते. म्हणजे प्रश्न केवळ पैशाचा नाही, चालवणाऱ्याच्या जिवाचा आहे.

धातू कोणता?

बाजारात मुख्यतः दोन जाती मिळतात. पहिली दोन थरांची : पोलादी पाठ व तिच्यावर कथील-सिलिकॉन मिसळलेले ॲल्युमिनियम. रोजच्या रस्त्यावरील गाडीला आणि बिडाच्या क्रँकला ही जात चांगली. ती पुष्कळ टिकते, पण कचरा आला किंवा क्रँक क्षणभर टेकला तर फार सांभाळून घेत नाही.

दुसरी तीन थरांची : पोलादी पाठ, त्यावर तांबे व शिसे, आणि सर्वांत वर शिसे-कथिलाचा अगदी पातळ मऊ मुलामा. मधला थर भार सोसतो. वरचा थर बारीक कचरा पोटात घेतो आणि क्रँक टेकला तर स्वतः झिजून क्रँकला वाचवतो. रेसमध्ये बहुधा फोर्ज केलेला पोलादी क्रँक असतो आणि इंजिन वरचेवर उघडून पाहिले जाते, म्हणून तेथे हीच जात पसंत केली जाते.

रेससाठी बनवलेल्या शेलमध्ये आणखी काही गोष्टी पाहाव्यात. क्लेवाइट कंपनीची ‘एच’ मालिका याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तिच्यात पोलादी पाठ जास्त कडक असते आणि पाठीवर कथिलाचा मुलामा नसतो, कारण तो सरकून एका जागी साचला की तेथे उंचवटा येतो. शेलच्या कडा जास्त तासलेल्या असतात. रेसच्या क्रँकमध्ये जर्नलच्या कोपऱ्यांना मोठी गोलाई ठेवतात, साध्या शेलची कड तिच्यावर घासते. शेलची जाडीही मध्ये जास्त आणि जोडाकडे कमी असते. भरधाव फेऱ्यांत रॉडचे मोठे तोंड उभे ताणले जाते व बाजूंनी आत दबते. कमी जाडी त्यासाठीच सोडलेली असते.

क्लिअरन्सचा हिशेब

इंचाचा हजारावा भाग म्हणजे १ थाउ, म्हणजेच ०.०२५४ मि.मी. नियम असा, की जर्नलच्या व्यासाच्या दर इंचाला पाऊण ते एक थाउ क्लिअरन्स ठेवावा आणि रेससाठी त्यात अर्धा थाउ मिळवावा.

अमेरिकेत शर्यतींसाठी अतिशय वापरले गेलेले शेवरोले ३५० हे इंजिन उदाहरणाला घेऊ. १९६८ पासून त्याच्या रॉड जर्नलचा व्यास २.१०० इंच आहे. हिशेबाने साधा क्लिअरन्स ०.००१६ ते ०.००२१ इंच येतो. अर्धा थाउ मिळवला की ०.००२१ ते ०.००२६ इंच. हे रेसचे माप. आपल्या हातातले इंजिन दुसरे असेल तर प्रथम त्याच्या कंपनीची मापे पाहावीत, मग हा हिशेब करावा.

आता समजा, स्टँडर्ड शेल बसवून माप ०.००१८ आले. म्हणजे कमी. क्लेवाइटमध्ये नंबरात ‘एक्स’ अक्षर असलेले शेल १ थाउ जादा क्लिअरन्स देतात. दोन्ही बाजूंनी तेच टाकले तर ०.००२८ होईल, म्हणजे जास्त. अशा वेळी एक अर्धा स्टँडर्ड व एक अर्धा ‘एक्स’ टाकला की ०.००२३ मिळते. हा मेळ एकाच कंपनीच्या, एकाच मालिकेच्या शेलचा असावा आणि जाडीतील फरक अर्ध्या थाउपेक्षा जास्त नसावा. जाड शेल वर, रॉडच्या बाजूला, आणि पातळ कॅपमध्ये बसवावा.

क्लिअरन्स ठरवताना तेलही ठरवावे. मोठ्या फटीला जाड तेल आणि जास्त माल ओढणारा ऑइल पंप लागतो. दर हजार फेऱ्यांना १० पौंड प्रेशर हा जुना अंदाज आहे. ७,००० फेऱ्यांना ७० पौंड.

माप कसे घ्यावे?

शेल रॉडमध्ये बसवून बोल्ट पूर्ण टॉर्कने आवळावेत. शेवटी जे बोल्ट आणि जे वंगण वापरणार, तेच मापतानाही वापरावे. मग बोअर गेजने आतले आणि मायक्रोमीटरने जर्नलचे माप घ्यावे. बोअर गेज जोडाच्या रेषेशी काटकोनात धरावा. जोडावर जाडी कमी असल्यामुळे तेथे माप खोटे येते. प्रत्येक जर्नल दोन-तीन जागी मापावे, म्हणजे ते निमुळते किंवा अंडाकृती झाले आहे का ते कळेल. प्लॅस्टिगेजची पट्टी पडताळणीला ठीक, निर्णयाला नव्हे.

आपल्या हवेत एक गोष्ट विसरता कामा नये. मे महिन्यात उन्हात राहिलेला क्रँक आणि सावलीतला रॉड यांच्यात १० अंशांचा फरक असला, तर २.१०० इंचाच्या जर्नलवर सुमारे पाव थाउ फरक पडतो. आपल्याला मोकळीकच अर्ध्या थाउची आहे, त्यातली निम्मी येथेच गेली. म्हणून सगळे सामान व हत्यारे रात्रभर एका खोलीत ठेवून सकाळी मापावीत.

हे टाळावे

शेलच्या पाठीमागे कागद किंवा पन्नी घालू नये. उष्णता रॉडमध्ये उतरत नाही आणि शेलची पकड जाते. पकडीसाठी शेलची टोके मुद्दाम किंचित उंच ठेवलेली असतात, ती कानशीने घासू नयेत. जुन्या काळी उस्ताद लोक व्हाइट मेटलचे ओतीव बेअरिंग खरडून बसवीत. ती त्या बेअरिंगची कला होती. आजच्या शेलवरचा मुलामा एक थाउसुद्धा जाड नसतो, खरडले की तोच निघून जातो. आणि पक्के बिल देणाऱ्या खात्रीच्या दुकानाखेरीज माल घेऊ नये, कारण डबीची नक्कल करणे मालापेक्षा सोपे असते.

आमच्या कापडाच्या धंद्यात नुसता शिक्का पाहून ठाण उचलणारा कधी ना कधी फसतो. पन्हा, काउंट व वजन तपासणारा सहसा फसत नाही. इंजिनाचेही तसेच आहे. प्रत्येक रॉडचे माप वहीत लिहावे, त्याची एक प्रत गिऱ्हाइकाला द्यावी आणि पुढच्या वेळी इंजिन उघडल्यावर झीज त्या आकड्यांशी ताडून पाहावी. याने काम सुधारते व नावही होते.

माप-तोलात कसूर करणाऱ्यांना कुरआन शरीफने सक्त ताकीद दिली आहे. ती फक्त तराजूवाल्यांसाठी आहे असे कोणी समजू नये. मायक्रोमीटर हातात घेणाऱ्या कारागिरावरही तीच जबाबदारी आहे, कारण त्याच्या अर्ध्या थाउवर एका माणसाचा जीव सोपवलेला असतो.