अम्मी पुन्हा पुन्हा तेच का विचारतात?

जोहरची नमाज पढून अम्मी उठतात, मुसल्ला घडी करून ठेवतात आणि दहा मिनिटांनी विचारतात, "बेटा, जोहर पढायची राहिली का?" एके दिवशी तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मी चिडले, "आताच तर पढलात!" माझ्या सासूबाई एकदम गप्प झाल्या. नेरुळच्या आमच्या दोन खोल्यांत ती शांतता रात्रीपर्यंत बोचत राहिली.

आम्ही हे सारे वयावर ढकलले होते. डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासले. त्यांतल्या बिघाडानेही विसर पडतो आणि तो औषधाने सुधारू शकतो. दोन्ही ठीक निघाले. पुढच्या तपासण्यांत अल्झायमर असल्याचे कळले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्याचे सर्वांत मोठे कारण अल्झायमर.

मेंदूत नेमके काय बिघडते? माझ्या वर्गात सगळ्या मुलांकडे एकच पुस्तक असते, पण आज कोणता धडा उघडायचा हे मी सांगते. शरीरातही तसेच. जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचे तेच पुस्तक असते. यकृताची पेशी काही धडे वाचते, मेंदूची पेशी दुसरे. कोणता धडा उघडायचा आणि कोणता मिटून ठेवायचा हे ठरवणारी काही प्रथिने असतात. तीच जनुक-नियामक प्रथिने.

त्यांतले एक 'रेस्ट'. २०१४ मध्ये हार्वर्डचे ब्रूस यांकनर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की निरोगी म्हातारपणी मेंदूत हे प्रथिन वाढते आणि पेशीला मरणाकडे नेणारे धडे मिटून ठेवते. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूपेशींच्या केंद्रकातून मात्र ते जवळजवळ नाहीसे झालेले दिसले. काही वृद्धांच्या मेंदूत या रोगाच्या गुठळ्या होत्या, तरी स्मरण शाबूत होते. त्यांच्यात 'रेस्ट' जास्त आढळले.

'एचडॅक-२' हे प्रथिन उलटे वागते. ते शिकण्याचे आणि आठवण्याचे धडेच बंद करते. रुग्णांच्या मेंदूत ते वाढलेले असते, असे अमेरिकेतील एमआयटीच्या ली-हुए त्साई यांच्या गटाने २०१२ मध्ये मांडले. उंदरांच्या मेंदूत ते कमी केल्यावर त्यांची स्मरणशक्ती सुधारली.

मग असे औषध का मिळत नाही? कारण ही प्रथिने शरीरात इतरत्रही कामे करतात. मेंदूतला एक धडा उघडताना दुसरीकडचे दहा उघडले तर नवे दुखणे उभे राहील. डॉक्टर आज डोनेपेझिलसारख्या गोळ्या देतात. त्यांनी काही काळ थोडा आराम पडतो, रोग थांबत नाही. म्हणून "गेलेली याददाश्त परत आणतो" म्हणून चूर्ण विकणाऱ्याच्या हाती पैसे देऊ नका. विसराळूपणा वाढतोय असे दिसताच मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा.

हे वाचल्यावर मला एक गोष्ट उमगली. अम्मी हट्ट करत नव्हत्या, लक्षही चुकवत नव्हत्या. दहा मिनिटांपूर्वीची नमाज त्यांच्या मेंदूत टिकतच नव्हती. त्यावर रागावून काय उपयोग?

आता त्यांनी विचारले की मी म्हणते, "झाली अम्मी. आपण दोघींनी सोबतच पढली." त्या हसतात. थोड्या वेळाने पुन्हा विचारतात. मी पुन्हा सांगते.